हजार-दीड हजारात इअरफोन घेताय?

इंदूरच्या जेल रोडवर गेलास की दुकानदार आधी 'बेस कसा दणकतो' तेच ऐकवेल, भिया. भुलू नकोस. बेस, म्हणजे खालचे घुमणारे सूर, फार फुगवला की गाणाऱ्याचा गळा दबतो.

दीड हजाराच्या आत आवाजच हवा असेल, तर वायरवालाच घे. ब्लूटूथमध्ये तेवढ्याच पैशांत बॅटरी नि चिपही येते, मग आवाजाच्या वाट्याला उरतं किती? फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीवाला बघ. वायर सुटी होणारी असली तर उत्तम. बिघडते बहुतेक वायरच, आणि तेवढीच बदलता येते.

आता खरी गोष्ट, रबरी टोप्यांची. डब्यात तीन मापं येतात नि लोक लावलेलीच वापरत राहतात. मीही तेच केलं. 'आवाज पातळ आहे' म्हणून चांगला जोड भाच्याला देऊन टाकला. त्याने मोठी टोपी लावली, आणि डग्गा घुमायला लागला! कान नीट बंद झाला नाही की खालचे सूर आधी गळतात. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही.

पारखायला आपल्याच इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लाव. मंद्रातला स्वर भरीव आणि मागचा तानपुरा वेगळा ऐकू आला, तर पैसे दे. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, दहा मिलिमीटरचा की बाराचा, यावरून काही कळत नाही.

रस्त्यावर मात्र एक कान मोकळा ठेव.