एरंडेल बाळाला द्यावं का? आणि घरात आणलेल्या तेलाचं काय करावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आठ महिन्यांच्या मुलीचं पोट साफ राहावं म्हणून आजेसासूबाई दर महिन्याला चमचाभर एरंडेल द्यायला सांगतात, ते द्यावं का? आणि द्यायचं नसेल, तर आणून ठेवलेल्या अर्ध्या लिटरचं काय करायचं?

पहिल्याचं उत्तर आधी देते. देऊ नका. घुटीतून नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. मी डॉक्टर नाही, पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पण या तेलाचा चांगला आणि वाईट असा दोन्ही अनुभव आमच्या घरानं घेतला आहे.

आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात राहायचो. मे महिन्याच्या सुट्टीत एका रविवारी आत्या आम्हा पाच भावंडांना न्याहारीच्या आधी ओळीनं बसवायची. प्रत्येकासमोर पितळी वाटी, वाटीत सुंठीचा काढा आणि त्यावर पिवळसर तेलाचा जाड थर. काढा गरम आहे तोवर ते घशाखाली उतरायचं. जरा निवला की ओठांना, टाळ्याला चिकटून बसायचं. वर लिंबाची फोड चोखायला. ‘एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा’ हा वाक्प्रचार मराठीत उगीच आलेला नाही. दिवसभर संडासाच्या खेपा आणि रात्री मऊ भात-मेतकूट.

एका वर्षी सहा वर्षांच्या चुलतभावाला जुलाब थांबेचनात. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, हाक मारली तरी ओ देईना. डॉक्टरांनी रात्रभर सलाईन लावलं. आत्या उशाशी बसून होती. तिनं आम्हाला जिवापाड प्रेमानं वाढवलं आणि ती वाटीही त्याच प्रेमानं पुढे करायची, म्हणून तुमच्या आजेसासूबाईंचा हेतू मला कळतो. पण त्या दिवसानंतर आत्यानं ती वाटी पुन्हा काढली नाही.

पोटात गेल्यावर हे तेल काय करतं? एरंडेलात जवळपास नव्वद टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं, पण ते बांधलेल्या स्वरूपात. लहान आतड्यातल्या पाचक रसानं ते सुटं होतं. आतड्याच्या स्नायूंवर प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या संदेशवाहक रसायनासाठी असलेल्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, हे आम्ल चिकटतं आणि आतडं जोरानं आकुंचन पावू लागतं. ही यंत्रणा जर्मनीतल्या संशोधकांनी 2012 मध्ये उंदरांवर दाखवून दिली. गर्भाशयाचे स्नायूही याच वाटेनं आवळतात, असं त्याच कामात दिसलं. म्हणून गरोदरपणात एरंडेल स्वतःच्या मनानं अजिबात घेऊ नये. म्हणजे हे तेल आतडं नुसतं बुळबुळीत करतं ही समजूत अपुरी आहे. ते औषध आहे, आणि जोरकस औषध आहे. मोठ्या माणसानंही पोटात दुखत असताना ते घेऊ नये. दुखणं अपेंडिक्सचं असलं तर जिवावर बेतू शकतं.

आयुर्वेदात एरंडाला ‘वातारि’ म्हणजे वाताचा शत्रू म्हणतात. आमवाताच्या माणसाला कणकेत एरंडेल घालून पोळ्या द्यायची रीत पुण्यातल्या कित्येक घरांत आहे. एरंडेलावर परतलेला हिरडा, म्हणजे गंधर्वहरीतकी, अजून विकली जाते. यांतलं काही करायचं असेल तर वैद्यांना प्रकृती दाखवून, मोठ्यांसाठी. तान्ह्या बाळासाठी नाही.

आता बाटलीचं. एरंडेलाची खरी जागा माझ्या मते धान्याच्या कोठीत आहे. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. गहू दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात तापवायचा, रात्रभर निवू द्यायचा, मग परातीत घ्यायचा. किलोला साधारण एक छोटा चमचा एरंडेल तळहातावर घेऊन दोन्ही हातांनी गहू चोळायचा. आत्या म्हणायची, “दाणा चमकला पाहिजे, ओला दिसता कामा नये.” नीट लागलेला गहू मुठीत घेतला की बोटांतून सरसर निसटतो. जास्त झालं तर दाणे एकमेकांना धरतात आणि पुढे गिरणीवाला कुरकुर करतो, तेही बरोबरच आहे. तुरीच्या डाळीला आणि मुगालाही असंच लावतात. भुंगेरे कडधान्याच्या दाण्यावर अंडी घालतात. तेलाच्या पातळ थरामुळे अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती आतच मरतात. कोठीत कुठलीही विषारी गोळी ठेवावी लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. डाळ शिजवायच्या आधी मात्र कोमट पाण्यानं दोन-तीनदा चोळून धुवा. आणि धान्याला लावायचं तेल खाण्याजोगं हवं. दिव्याचं म्हणून विकतात ते वापरू नका.

टाचांच्या भेगांना रात्री लावून वर मोजे घातले तर सकाळी फरक दिसतो. कोरड्या कोपरांनाही चालतं. भुवया आणि केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. केसांना लावायचंच असेल तर खोबरेल तेलात थोडं मिसळून, कारण नुसतं एरंडेल धुऊन निघता निघत नाही. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ बाळाच्या डोळ्यांत घालू नका.

हा चिकटपणा इंजिनांच्याही कामी आला. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत वंगण म्हणून एरंडेल वापरलं जायचं, कारण ते उष्णता सोसतं आणि पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरून, ‘कॅस्टर’वरून आलं. नायलॉन-11 नावाचं प्लास्टिक आजही याच तेलापासून करतात. जगात सर्वाधिक एरंड भारतात पिकतो आणि त्यातला बहुतेक गुजरातमध्ये.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण घरात रांगतं मूल आहे म्हणून सांगते. नदीकाठी, पडीक प्लॉटवर एरंड आपोआप उगवतो. हाताच्या पंजासारखं पान, काटेरी बोंडं, आणि आत तपकिरी-पांढऱ्या नक्षीची गुळगुळीत बी. माझ्या मुलीनं पाच वर्षांची असताना अशा सात बिया फ्रॉकच्या खिशात भरून आणल्या होत्या, सागरगोट्यांसारख्या खेळायला. बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं. ते तेलात विरघळत नाही, पेंडीत राहतं. जुन्या पद्धतीत बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून तेल काढायचे, त्या उष्णतेनंही ते निकामी होतं. म्हणून या विषापुरतं तेल निर्धोक आणि चावलेली बी घातक. मुलानं बी चावल्याची नुसती शंका आली, तरी काही होतंय का ते पाहत बसू नका. बी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

बाळाला शी घट्ट होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वरचं अन्न सुरू झालं की बऱ्याच बाळांना असं होतं. पाणी, पातळ वरण, शिजवून कुस्करलेलं फळ यांचं प्रमाण ते सांगतील. आणि आजेसासूबाईंना या मेमध्ये गव्हाच्या परातीशी बसवा. तेल किती लावायचं हे त्यांच्या हाताला माहीत असणार.