‘मराठी दिसत नाही’ म्हणजे नेमकं काय दिसतं?

प्रश्न : ताई, गेल्या अंकासाठी मी एका ओळीचा प्रश्न पाठवला होता, ‘कॉम्प्युटरवर मराठी दिसत नाही, काय करू?’ तुम्ही उत्तर द्यायचं सोडून उलट मलाच प्रश्न विचारलेत. मग आमच्या डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्यांच्या, ग्रुपवर तेच टाकलं. तासाभरात भराभर उत्तरं आली. कुणी म्हणालं फॉण्ट टाका, कुणी म्हणालं भाषेची सेटिंग बदला, एकजण म्हणाला व्हायरस आहे. सगळं करून बसलो, काही फरक नाही. ज्याला येतं त्याने सरळ उपाय सांगावा ना! सोबत पडद्याचा फोटो जोडतोय. विंडोज नव्याने टाकल्यापासून हे सुरू झालंय. ग्रामपंचायतीचा जुना अहवाल आहे, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचाय.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : तुमचा वैताग रास्त आहे. पण आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. शेवटच्या तीन वाक्यांत जे आहे ते त्या एका ओळीत कुठेच नव्हतं, आणि उत्तर सगळं त्या तीन वाक्यांतच दडलंय.

आधी फोटोबद्दल. वर्डच्या फॉण्टच्या रकान्यात ‘कृतिदेव’ हे नाव दिसतंय, पण खालचा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आहे. शीर्षकाच्या ओळीत मला ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच अक्षरं लागोपाठ दिसली. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द नेमका याच पाच कळांनी उमटतो. म्हणजे तुमची फाइल शाबूत आहे, तिला काही झालेलं नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्याच रूपात साठवलेला असतो; फॉण्ट त्यावर मराठीची चित्रं चढवतो. विंडोज नव्याने टाकलंत तेव्हा फॉण्ट पुसला गेला आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. वर्ड मात्र रकान्यात जुन्या फॉण्टचं नाव तसंच दाखवत राहतं, तो मशीनवर नसला तरी.

तुम्ही ‘विंडोज नव्याने टाकल्यापासून’ हे जाता जाता, अगदी शेवटी लिहिलंत. बहुतेक जण असंच करतात. काल-परवापर्यंत चालत होतं आणि आज चालत नाही, तर मधे काय बदललं, हे पहिल्या वाक्यात यायला हवं. नवं विंडोज, नवा प्रिंटर, दुसऱ्याच्या मशीनवरून आणलेली फाइल, ऑफिसची नवी आवृत्ती, काहीही असो.

मी उलट प्रश्न का विचारले, तेही सांगते. ‘मराठी दिसत नाही’ अशी तक्रार छापखान्यात काम करताना मी रोज ऐकायचे आणि या सदरातही ऐकते. या एका वाक्यामागे निदान पाच वेगळे प्रकार असतात. इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर वर सांगितलं तसा फॉण्ट गेलेला असतो, मजकूर सुरक्षित असतो. चौकोन दिसत असतील तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे, पण जो फॉण्ट लावलाय त्यात ती अक्षरंच नाहीत. फॉण्ट बदलला की काम झालं. तिसरा प्रकार इनडिझाइन या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये दिसतो: अक्षरं मराठीच असतात, पण ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराशेजारी जाते आणि जोडाक्षरं सुटी होऊन प्रत्येकाचा पाय मोडलेला दिसतो. तिथे फॉण्टला हात लावायची गरजच नसते. परिच्छेदाच्या पॅनलमधल्या यादीतून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर’ निवडला की अक्षरं जुळतात. चौथा प्रकार पुढच्या पत्रात आलाय, तो तिथेच सांगते.

पाचवा सगळ्यांत वाईट. जिथे मराठी होतं तिथे ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसतात. याचा अर्थ, कुणीतरी ती फाइल मराठी न मावणाऱ्या पद्धतीत साठवली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. जुन्या नोटपॅडमध्ये हे फार व्हायचं, कारण ते आपसूक ‘एएनएसआय’ पद्धतीत साठवायचं. २०१९ मधल्या विंडोज १० च्या सुधारणेपासून ते ‘यूटीएफ-८’ या युनिकोडच्या पद्धतीत साठवतं, म्हणून आता प्रमाण कमी झालंय. पण एकदा प्रश्नचिन्हं झाली की त्या फाइलमधून मराठी परत येत नाही. कुठलाही फॉण्ट टाका, कुठलीही सेटिंग बदला. जुनी प्रत शोधायची, ईमेलमध्ये पाठवलेली असेल तर तिथून काढायची, एवढंच हाती उरतं.

दिवाळी अंकाच्या गर्दीत रात्री उशिरा फोन यायचे, ‘मॅटर फुटलं, लवकर सांगा.’ मी पहिला प्रश्न एकच विचारायचे: चौकोन, प्रश्नचिन्हं की इंग्रजी अक्षरं? समोरचा चिडायचा, कारण त्याला छपाईची घाई असायची. पण त्या एका उत्तरावरून कळायचं की दोन मिनिटांचं काम आहे की लेखकाला उठवून मजकूर पुन्हा मागवायचाय. ग्रुपवरच्या लोकांनी तुम्हाला दिलेले उपाय प्रामाणिक होते. प्रत्येकाने स्वतः भोगलेला प्रकार गृहीत धरला, इतकंच. त्यांना तुमचा पडदा दिसत नव्हता.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही नुसतं ‘कृतिदेव कुठे मिळेल?’ असं विचारलं असतंत तर मी तेवढं सांगितलं असतं, तुमच्या मशीनवर अहवाल नीट दिसला असता आणि व्हॉट्सॲपवर चिकटवताच पुन्हा तीच इंग्रजी अक्षरं झाली असती. गावातल्या लोकांच्या फोनमध्ये कृतिदेव नाही. तुम्हाला शेवटी काय करायचंय हे तुम्ही लिहिलंत म्हणून सांगता येतं: मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक इंटरनेटवर फुकट मिळतात. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा, बदल प्रतीवर करा. नंतर ‘स्थिती’, ‘निश्चित’, ‘विद्यार्थी’ असे शब्द शोधून वाचा. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. परिवर्तक चुकतो तो इथेच. आणि अहवालात रकमा असतील तर आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहा.

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, त्यामुळे कुठे काही विचारायचं तर भीती वाटते, शब्दच येत नाहीत. तरी लिहिते. आमच्या शाळेच्या ऑनलाइन यादीतून विद्यार्थ्यांची नावं ‘सीएसव्ही’ नावाच्या फाइलमध्ये उतरवून घेतली. फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर ती एक्सेलमध्ये उघडते. हजेरी क्रमांक, जन्मतारीख बरोबर दिसतात. नावांच्या जागी इंग्रजी छोटा ए दिसतो, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ आहे, मग एक बारीक गोल, त्याला चार कोपऱ्यांत किरणं, सूर्यासारखा. तेच पुन्हा पुन्हा. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नावं छान मराठीत दिसतात. हे बरोबर विचारलंय का?
– एक शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : बाई, इतका नेमका प्रश्न या सदरात क्वचितच येतो. ‘सीएसव्ही’ सोडलं तर तुम्ही एकही तांत्रिक शब्द वापरला नाहीत आणि मला तुम्हाला एकही उलट प्रश्न विचारावा लागला नाही. काय केलंत ते लिहिलंत, काय नीट आहे आणि काय बिघडलंय ते वेगळं केलंत, आणि जे दिसलं ते जसंच्या तसं वर्णन केलंत. ‘सूर्यासारखा गोल’ वाचलं आणि मला कारण कळलं.

हाच मघाचा चौथा प्रकार. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक मराठी अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन तुकड्यांत साठवलं जातं. त्यातला पहिला तुकडा सगळ्या मराठी अक्षरांचा एकच असतो. दुसऱ्याचे दोनच प्रकार. एक्सेलला ही फाइल यूटीएफ-८ आहे हे कळलं नाही, म्हणून त्याने प्रत्येक तुकडा सुटं युरोपीय अक्षर समजून दाखवला. पहिल्याचा रेघवाला ए झाला, दुसऱ्याचं ते सूर्यासारखं चिन्ह. ते चलनाचं सर्वसाधारण चिन्ह आहे. नीट पाहिलंत तर काही ठिकाणी त्याऐवजी जपानी येनचं चिन्हही सापडेल. नोटपॅडने फाइल ओळखली म्हणून तिथे नावं नीट दिसली. म्हणजे मजकुराला धक्का लागलेला नाही.

फाइलवर क्लिक करून उघडू नका. आधी कोरं एक्सेल उघडा, ‘डेटा’ या टॅबवर जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, फाइल दाखवा. जी खिडकी उघडेल तिच्यात ‘फाइल ओरिजिन’ असा रकाना आहे, तिथे ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा. खालीच नमुना दिसतो. नावं मराठीत दिसली की ‘लोड’ दाबा. बिघडलेली दिसत असताना मात्र ती फाइल एक्सेलमधून ‘सेव्ह’ करू नका.

पुढे कधी फाइल कुणाला दाखवायची वेळ आली तर मुलांची खरी यादी कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. त्यात जन्मतारखा असतात, कधी कधी आधार क्रमांकही. प्रत काढा, दोन ओळी ठेवा, नावं बदलून कुठलीही लिहा आणि तरी तोच बिघाड दिसतोय ना हे पाहून मग ती पाठवा. अशी छोटी फाइल करता करता पुष्कळदा कारण आपलं आपल्यालाच सापडतं.

प्रश्न : ताई, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मराठी टायपिंगच्या दोन-तीन ग्रुपवर फावल्या वेळात लोकांना मदत करतो. ‘सर अर्जंट आहे’, ‘फॉण्ट चालत नाही प्लीज’ एवढंच लिहितात. मी ‘सविस्तर लिहा’ म्हटलं की एकतर गप्प होतात, नाहीतर सगळी कहाणी लिहितात, फक्त हवं ते सोडून. आता उत्तर द्यावंसंच वाटत नाही. लोकांना नीट विचारायची सवय कशी लावायची?

उत्तर : कृपा करून सोडू नका. तुमच्यासारखे लोक फुकट वेळ देतात म्हणून गावोगावची डीटीपीची दुकानं, शाळा आणि छोटी मासिकं चालली आहेत.

‘सविस्तर लिहा’ हे मात्र लिहू नका. कुठला तपशील कामाचा आणि कुठला बिनकामाचा हे ज्याला कळतं, त्याला बहुधा तुमची मदत लागतच नाही. समोरच्याला तो निवडता येत नाही म्हणून तो गप्प होतो किंवा सगळंच सांगतो. त्याला निवडायला पर्याय द्या. इंग्रजी अक्षरं, चौकोन की प्रश्नचिन्हं? फोनवर की कॉम्प्युटरवर? फाइल तुम्ही टाइप केलीत की कुणाकडून आली? एका वेळी एकच विचारा, आणि आधी तो विचारा ज्याच्या उत्तराने निम्म्या शक्यता बाद होतील. एका निरोपात आठ प्रश्न पाठवले तर लोक शेवटच्या एकाचंच उत्तर देतात.

काय बिघडलंय याचं निदान समोरच्याकडून मागू नका. ‘व्हायरस आलाय’, ‘फॉण्ट करप्ट झालाय’ हे त्या माणसाचे अंदाज असतात आणि आपण नकळत त्याच अंदाजामागे जातो. काय दिसतंय तेच विचारा. पडद्याचा फोटो मागाल तेव्हा पूर्ण पडद्याचा मागा. लोक बिघडलेल्या दोन शब्दांवर झूम करून फोटो काढतात आणि फॉण्टचं नाव, प्रोग्रामचं नाव, एररचा संदेश असलेली चौकट सगळं कापलं जातं. एररचा संदेश इंग्रजीत असला तरी जसाच्या तसा हवा. ‘काहीतरी एरर येतो’ यातून काही कळत नाही. त्या चौकटीतल्या आकड्यावरून कधी कधी सगळंच कळतं.

आणि काम झालं की काय केल्याने झालं ते ग्रुपवर लिहायला लावा. ‘झालं, धन्यवाद’ वर थांबू देऊ नका. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला ती ओळ सापडली तर तुमची एक संध्याकाळ वाचेल.

कुणालाही चारचौघांत झापू नका, ही माझी कळकळीची विनंती. मघाच्या शिक्षिकेचं दुसरं वाक्य पाहा: विचारायची भीती वाटते. मराठीत टाइप करू पाहणारे पुष्कळजण पन्नाशीपुढचे आहेत, तलाठी कार्यालयात, पतसंस्थेत, छोट्या छापखान्यात काम करणारे. एकदा बोलणं खाल्लं की ते पुन्हा विचारत नाहीत. रोमन लिपीत मराठी लिहून वेळ भागवतात.

प्रश्न : ऑफिसमधल्या जुन्या विंडोज एक्सपीवर, वर्डमध्ये, मंगल फॉण्टमध्ये ‘ॲप’, ‘ॲड’ या शब्दांतलं पहिलं अक्षर चौकोन दिसतं. बाकी सगळी अक्षरं व्यवस्थित. मजकूर मी फोनवर टाइप करून आणला होता. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर तीच फाइल बरोबर दिसते. मला फक्त छापून हवी आहे.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. विंडोज एक्सपी २००१ चं, त्यामुळे त्याच्यासोबतच्या मंगलमध्ये ते अक्षरच नाही. फक्त छापायचंच आहे तर भाच्याच्या लॅपटॉपवर फाइलची पीडीएफ करा आणि ती ऑफिसात नेऊन छापा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात, जुन्या मशीनवरही चौकोन येणार नाही.