बेणं केवढं होतं?

वसमत

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

हळद शिजवायच्या गडबडीत तुझं पत्र आलं, म्हणून उत्तराला उशीर. औंढ्याला होणाऱ्या लायगोत, म्हणजे गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या वेधशाळेत, आकाशगंगांच्या पोटातल्या महाकाय कृष्णविवरांची धडक टिपता येईल का, असं विचारलंस. नाही येणार. ४ किलोमीटरच्या त्या भुजांना फार तर शे-दोनशे सूर्यांच्या वजनाच्या विवरांची धडक कळते. अब्जावधी सूर्यांच्या विवरांचे तरंग इतके संथ, की त्यासाठी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसारखं स्पंदकांचं, म्हणजे ठरावीक ठेक्याने स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांचं, टिपण वर्षानुवर्षं ठेवावं लागतं.

ही महाकाय विवरं एवढी वाढली कशी, हा तुझा दुसरा प्रश्न मात्र फर्मास. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं विवर ४० लाख सूर्यांएवढं, पण त्याचं मला नवल नाही. त्याला वेळ भरपूर मिळाला. नवल आहे ते विश्व ६७ कोटी वर्षांचं असतानाच १६० कोटी सूर्यांएवढं झालेल्या विवराचं.

वही घे. विवरात पडणारा वायू तापून झळाळतो आणि तो उजेडच मागून येणाऱ्या वायूला बाहेर रेटतो. एडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या नावाची ही मर्यादा पाळली, तर वजन दुप्पट व्हायला साधारण सव्वातीन कोटी वर्षं लागतात. मेलेल्या ताऱ्याचं १०० सूर्यांचं विवर धरलंस तर २४ दुपटी हव्यात, म्हणजे ७८ कोटी वर्षं. विश्वाचं वयच तेवढं नव्हतं! शिवाय पहिले तारे पेटायलाच दहा-वीस कोटी वर्षं गेली.

आता बेणंच, म्हणजे सुरुवातीचं विवरच, मोठं घे. आपण हळदीला जेठे गड्डे निवडतो ना, तसं. शेजारच्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे रेणू फोडले, की ढग नीट थंड होत नाही, त्याचे तुकडे पडून तारे होत नाहीत. अख्खा ढग एकदमच कोसळतो. १ लाख सूर्यांचं बेणं. मग १४ दुपटी पुरतात, ४६ कोटी वर्षं. जेमतेम बसतं.

खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन ही मोठ्या बेण्याची बाजू फार आधीपासून मांडतात. २०२३ मध्ये यूएचझेड-१ या आकाशगंगेतलं विवर तिथल्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनाच्या तोडीचं निघालं, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला जोर आला. तरी लगेच त्यांच्या बाजूने उभी राहू नकोस. लहान बेणं एडिंग्टनची मर्यादा मोडून अधाशासारखं खात सुटलं असेल, असं म्हणणारेही गणित करूनच बोलतात. मर्यादेच्या दुप्पट वेगाने खाल्लं तर किती वर्षं लागतील, ते काढून पाठव.

गावी आलीस की पहाटे चारला उठवीन. हळदीच्या या दिवसांत तेव्हा आग्नेयेला धनु रास असते. आपलं ४० लाखवालं त्याच दिशेला.

तुझे सर