गुडघा दुखावला असताना वजने उचलावीत का?

प्रश्न : माझे वय ३६ असून मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो. गेली चार वर्षे नियमित जिमला जातो. तीन आठवड्यांपूर्वी रामशेज किल्ला उतरताना मुरमावरून पाय घसरला आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला पिळवटला. एमआरआयमध्ये आतील बाजूचे लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) अर्धवट फाटल्याचे, म्हणजे ग्रेड दोनची दुखापत असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेची गरज नाही, फिजिओथेरपी सुरू करा, असे डॉक्टरांनी सांगितले. आई म्हणते, दोन महिने जिमचे नाव काढू नकोस. ट्रेनर म्हणतो, पाय सोडून बाकी सगळे कर. कोणाचे ऐकावे? श्रावणात ब्रह्मगिरीची फेरीही करायची आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचेही निम्मे निम्मे ऐकावे. आतील बाजूचे हे लिगामेंट अर्धवट फाटले असेल, तर ते बहुधा शस्त्रक्रियेविना, साधारण चार ते आठ आठवड्यांत भरून येते; मात्र तेवढा काळ पाय नुसता उशीवर ठेवून बसलात, तर लिगामेंट जुळेल आणि मांडी वाळेल. गुडघ्यात सूज असेपर्यंत मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण ताकदीने आवळूच देत नाही, त्यामुळे हा स्नायू पहिल्या दोन आठवड्यांतच बारीक होऊ लागतो. शिंप्याकडची टेप घेऊन दोन्ही मांड्या गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर मोजून पाहा. उजवी मांडी एव्हाना कमी भरण्याची शक्यता आहे.

म्हणून ‘पाय सोडून’ हा ट्रेनरचा सल्ला मला पटत नाही. पाठ टेकून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती गादीत दाबल्यासारखी मांडी पाच ते दहा सेकंद आवळून धरावी. हा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे, परंतु शंभर किलोचा स्क्वॉट मारणाऱ्याच्याही कपाळावर या अवस्थेत त्याने घाम येतो. त्यानंतर पाय सरळ ठेवून उचलणे, मग खुर्चीवरून हळूहळू बसणे-उठणे आणि पुढे गुडघा कमी वाकवून केलेला हलका लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणे), असा क्रम तुमच्या फिजिओथेरपिस्टच्या संमतीने ठेवावा. गुडघा आत झुकला की नेमके याच लिगामेंटवर ताण येतो. त्यामुळे घोट्याला केबल बांधून पाय आत ओढण्याचा व्यायाम आणि ब्रेस्टस्ट्रोकने पोहणे सध्या वर्ज्य समजावे. जेवायला मांडी घालून बसणेही काही दिवस सोडावे लागेल, हे आईंना सांगून ठेवा.

डाव्या पायाचा व्यायाम मात्र चालू ठेवा. १८९४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नोंदवले होते की, एका हाताला सराव दिला असता सराव न दिलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद काही प्रमाणात वाढते. पुढे पायांच्या बाबतीतही हेच आढळले. बसून केलेला एका पायाचा व्यायाम त्यामुळे दुखावलेल्या पायालाही थोडा उपयोगी पडतो.

वरच्या शरीराचे म्हणाल, तर लॅट पुलडाऊन, बसून केलेला खांद्याचा प्रेस, छातीचे मशीन यांना हरकत नाही. धोका आहे तो दोन सेटच्या मधल्या वेळात. वीस किलोची प्लेट जमिनीवरून उचलायची, ती पोटाशी धरून वळायचे आणि बारला लावायची. वळताना पाऊल जागच्या जागी रुतून राहते आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. रामशेजवर झाले तेच येथे रबराच्या मॅटवर होते. प्लेटा जोडीदाराला लावायला सांगाव्यात. यात कमीपणा मानणारे लोक माझ्याकडे पुन्हा येतात, हा अनुभव आहे.

किती करावे, याचा निर्णय दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर सोपवा. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखले तर चालेल. परंतु सकाळी उठल्यावर गुडघा अधिक आखडलेला वाटला, किंवा वाटीच्या मधोमध घेतलेले माप आदल्या दिवसापेक्षा वाढले, तर वजन कमी करावे. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला जाऊ नये, कारण मग ही मोजपट्टीच खोटी ठरते. गुडघा मध्येच अडकू लागला, चालताना पायाने दगा दिला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जिम कमी झाली म्हणून जेवण तोडू नका. प्रौढ व्यक्तीसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची भारतीय शिफारस आहे, आणि स्नायू टिकवायचा असेल तर १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जाणे योग्य. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी विचारून घ्यावे.

राहिली फेरी. तिसऱ्या श्रावणी सोमवारपर्यंत तुम्ही सपाट रस्त्यावर बरे चालू लागला असाल, पण फेरीच्या वाटेवर चिखल असतो, दगड निसरडे असतात, गर्दीत थांबता येत नाही आणि अनेक जण ती अनवाणी करतात. दुखावलेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आल्याचे फिजिओथेरपिस्टने मोजून सांगितल्याशिवाय जाऊ नये, आणि मला वाटते, यंदा ते जमणार नाही. त्र्यंबकला बसने जाऊन दर्शन घ्यावे. तेथील कुशावर्त कुंडाच्या ओल्या पायऱ्याही कोणाचा तरी हात धरून, दुखावलेला पाय आधी खाली टाकत उतराव्यात.