तिसरा रिचर्ड: गादी, घाव आणि तारखेची चलाखी

बॉसवर्थच्या लढाईत (२२ ऑगस्ट १४८५) मारल्या गेलेल्या इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डबद्दल वाचकांनी बरेच विचारले आहे. त्यांतले निवडक प्रश्न घेतो.

पुतण्याची गादी बळकावणारा रिचर्ड म्हणजे तिकडचा राघोबाच ना?

आपल्याला ‘काका मला वाचवा’ आठवणारच. एप्रिल १४८३ मध्ये चौथा एडवर्ड वारला. बारा वर्षांचा मुलगा वारस, काका पालक. जूनअखेर काकाच राजा! भावाचे लग्नच बेकायदा, म्हणून मुले अनौरस, अशी सबब पुढे केली. लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेले दोन्ही पुतणे नंतर कुणाला दिसले नाहीत. माझा संशय काकावरच आहे, पण पुरावा नाही. पुण्यात निदान रामशास्त्री होते. तिथे चौकशीच झाली नाही.

सैन्य मोठे असून हरला कसा?

अर्धे सैन्य नुसते बघत उभे होते म्हणून. नॉर्थम्बरलँडचा सरदार पिछाडीला होता, तो लढलाच नाही. स्टॅनली बंधू वेगळा तळ देऊन कुंपणावर. थोरला स्टॅनली तर रिचर्डविरुद्ध लढणाऱ्या, पुढे राजा झालेल्या हेन्री ट्यूडरचा सावत्र बाप! त्याचा मुलगा रिचर्डने ओलीस ठेवला होता, तरी उपयोग झाला नाही. हेन्री मोजक्या लोकांनिशी दिसताच रिचर्डने थेट त्याच्यावर घोडा घातला. हेन्रीचा निशाणबरदार त्याने लोळवला, आणि नेमक्या त्या घटकेला धाकटा स्टॅनली हेन्रीच्या बाजूने उतरला.

तो खरेच कुबडा होता का?

नाही. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सांगाडा सापडला. बहिणीच्या वंशजांच्या डीएनएवरून ओळख पटली. कणा बाजूला वाकलेला होता, पण चिलखतात ते जाणवले नसते. मृत्यूच्या सुमाराचे अकरा घाव मिळाले, त्यांतले नऊ कवटीवर. म्हणजे तोवर शिरस्त्राण गेलेले असावे.

हेन्रीचा हक्क तरी काय होता?

आईकडून आलेला, तोही लंगडा. म्हणून त्याने आपली कारकीर्द २१ ऑगस्टपासून, लढाईच्या आदल्या दिवसापासून, मोजली. रिचर्डसाठी लढलेले एका फटक्यात राजद्रोही! पुढे चौथ्या एडवर्डच्या मुलीशी लग्न करायचे, तर तिला औरस ठरवणे भाग. एडवर्डच्या मुलांना अनौरस ठरवणारा रिचर्डच्या वेळचा कायदा त्याने संसदेत न वाचताच रद्द करवला आणि प्रती नष्ट करायला लावल्या. पण बहीण औरस ठरली की ते दोन भाऊही औरस. जिवंत असते, तर गादीवर त्यांचा हक्क हेन्रीच्या आधीचा होता.