ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे सासर हिंदू आहे. सासरे माळकरी होते. गेल्या महिन्यात ते वारले. दर नाताळला माझ्याबरोबर मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) यायचे, पण बाप्तिस्मा त्यांनी घेतला नव्हता. दहावा व्हायच्या आतच आमच्या प्रार्थनागटातल्या एका ताई म्हणाल्या, "त्यांचे तारण झालेले नाही, आता प्रार्थना करून उपयोग नाही." हे खरे आहे का? त्यांच्यासाठी मिस्सा देता येते का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : मिस्सा देता येते. आधी त्याचेच सांगतो, कारण ते लगेच करण्यासारखे आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) १९८३ च्या धर्मसंहितेतला, म्हणजे नियमसंग्रहातला, ९०१ वा नियम एका ओळीचा आहे : धर्मगुरू कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, मग ती व्यक्ती जिवंत असो वा मृत. त्यात बाप्तिस्म्याची अट नाही. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात जा आणि मिस्साच्या वहीत सासऱ्यांचे नाव लिहायला सांगा. मधला एखादा वार लवकर मिळतो. रविवार आणि नोव्हेंबर महिना लवकर भरतो. ते ख्रिस्ती नव्हते हे तिथेच मोकळेपणाने सांगा. वेदीवरून नाव वाचायचे की नाही, हे प्रमुख धर्मगुरूंना आधी विचारून घ्या. नाहीतर घरची माणसे नाव ऐकायला म्हणून येऊन बसतात, नाव येत नाही, आणि दुःखात आणखी एक भर पडते. मिस्साचे दान ही फी नव्हे. दान देण्याची ऐपत नसली तरी गरजूंच्या हेतूसाठी मिस्सा अर्पण करावी, अशी कळकळीची शिफारस ९४५ व्या नियमात धर्मगुरूंना केलेली आहे.

एक फरक लक्षात ठेवा. तुम्ही मागता आहात ती मृतासाठीची मिस्सा, ख्रिस्ती अंत्यविधी नव्हे. अंत्यविधीचे नियम वेगळे आहेत. बाप्तिस्म्याची तयारी करत असलेला उमेदवार, किंवा ज्या बाळाला आईवडील बाप्तिस्मा देणार होते ते बाळ, यांचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी ११८३ व्या नियमाने त्यांना ख्रिस्ती अंत्यविधी मिळू शकतो. माळकरी सासऱ्यांचा विधी त्यांच्या घरच्या रीतीने झाला, ते योग्यच झाले. तुम्ही दहाव्या-तेराव्याला हजर राहिलात, आल्यागेल्याचे पाहिलेत, सासूबाईंजवळ बसलात, तर त्यात तुमच्या श्रद्धेला कुठेही बाधा येत नाही.

आता ताईंच्या वाक्याकडे वळू. मिस्सामध्ये वापरल्या जाणाऱ्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनांपैकी चौथी प्रार्थना आपल्या कानावर क्वचित पडते. तिची प्रस्तावना (सुरुवातीची स्तुती) तिच्याशीच जोडलेली असल्यामुळे ज्या दिवसाला स्वतःची वेगळी प्रस्तावना असते त्या दिवशी ती घेता येत नाही. या प्रार्थनेत मृतांची आठवण दोन टप्प्यांत होते. आधी ख्रिस्ताच्या शांतीत मरण पावलेले येतात आणि मग बाकीचे सर्व मृत, 'ज्यांची श्रद्धा केवळ तूच जाणतोस' असे देवाला म्हणून. ख्रिस्तसभा वेदीपाशी उभी राहून सांगते की या माणसांची श्रद्धा आम्हाला ठाऊक नाही, तुला आहे. जे ख्रिस्तसभा वेदीपाशी ठरवत नाही, ते प्रार्थनागटात बसून ठरवता येणार नाही.

का ठरवता येत नाही, याचे कारण नुसती नम्रता नाही. माणूस देवापासून पूर्ण तुटायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, असे कॅथलिक कॅटेकिझम हा शिकवणीचा अधिकृत ग्रंथ (परिच्छेद १८५७) सांगतो : बाब गंभीर असणे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असणे, आणि जाणूनबुजून मनाने दिलेली संमती. यातली पहिली गोष्ट तेवढी बाहेरून दिसते. बाप्तिस्मा म्हणजे काय हे सासऱ्यांना कधी कोणी नीट सांगितले होते का? सांगितले असेल तर त्यांना काय कळले? नाताळच्या रात्री गाभाऱ्याकडे पाहताना त्यांच्या मनात काय होते? तीनातल्या दोन गोष्टी झाकलेल्या असताना दिलेला निकाल हा अंदाजच असतो, आणि असा अंदाज दुःखात असलेल्या सुनेला ऐकवणे क्रूर आहे. पुढे १८६१ व्या परिच्छेदात हेच स्पष्ट लिहिले आहे : एखादे कृत्य गंभीर अपराध आहे असे आपण म्हणू शकतो, माणसाचा न्याय मात्र देवाच्या न्यायबुद्धीवर आणि दयेवर सोपवायचा.

संतपद जाहीर करण्याची मोठी पद्धत ख्रिस्तसभेत आहे : सर्वसाधारणपणे मृत्यूनंतर निदान पाच वर्षे थांबणे, जीवनाची आणि लिखाणाची तपासणी, चमत्कारांची छाननी. याच्या उलट, अमुक माणूस नरकात आहे असे जाहीर करण्याची पद्धतच नाही. तसे आजवर कोणाबद्दलही जाहीर झालेले नाही, येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही. बहिष्काराची शिक्षा आहे, पण तीही औषधासारखी, माणूस परत यावा म्हणून दिलेली.

ताईंशी बोलायचे तर गटासमोर बोलू नका. चारचौघांत वचनाला वचन भिडले की दोघेही आपापल्या जागी घट्ट होतात. एकटीने गाठा आणि एवढेच विचारा : "ताई, हे तुम्हाला कशावरून कळले?" मग त्यांना मिस्साची तारीख सांगा आणि बोलवा.

प्रश्न : न्याय देवावर सोपवायचा म्हणजे सगळे मार्ग सारखेच, असे म्हणायचे का? येशू तर म्हणतो, माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही (योहान १४:६). मग साक्ष द्यायची कशाला?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : नाही, तसे म्हणायचे नाही. इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. तारण कोणामुळे मिळते, याचे ख्रिस्तसभेचे उत्तर ठाम आहे : ख्रिस्तामुळे. ते कोणाकोणापर्यंत आणि कोणत्या वाटेने पोहोचते, या दुसऱ्या प्रश्नात ती देवाला मर्यादा घालत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४ चा 'लुमेन जेन्शियुम' हा दस्तऐवज सांगतो की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकबुद्धीतून कळलेली त्याची इच्छा कृपेच्या साहाय्याने पाळू पाहतात, त्यांना सार्वकालिक तारण मिळू शकते (परिच्छेद १६). 'मिळू शकते' हे शब्द जपून वाचा. 'मिळतेच' असे तिथे म्हटलेले नाही.

त्याच दस्तऐवजाचा १४ वा परिच्छेद फार कमी जण वाचून दाखवतात. ख्रिस्तसभेत असूनही जो प्रीतीत टिकत नाही, जो शरीराने आत आणि मनाने बाहेर आहे, त्याचे तारण होत नाही, असे तो सांगतो. हा परिच्छेद आपल्याबद्दल आहे.

अमेरिकेत बोस्टनमध्ये लेनर्ड फीनी नावाच्या धर्मगुरूने 'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' या वचनाचा इतका कडक अर्थ लावला की बाहेरच्या कोणालाच आशा उरेना. १९४९ मध्ये रोमच्या होली ऑफिसने, म्हणजे शिकवणीवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याने, पत्र पाठवून तो अर्थ चुकीचा ठरवला. रोमला हजर राहण्याचा हुकूम फीनींनी मानला नाही, आणि १९५३ मध्ये बहिष्काराची शिक्षा झाली ती त्यांनाच. पुढे १९७२ मध्ये त्यांचा समेट झाला. आजही प्रार्थनागटांतून फिरणारे संदेश तोच अर्थ पुन्हा सांगत असतात.

"तारण होणारे थोडेच आहेत काय?" असे येशूला एकाने सरळ विचारले होते (लूक १३:२३). येशूने आकडा दिला नाही. अरुंद दरवाजाने आत जायला तुम्ही झटा, असे विचारणाऱ्यांनाच सांगितले. योहानाचे पुढे काय होणार असे पेत्राने विचारले, तेव्हाही उत्तर हेच : तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये.

साक्ष कशी द्यायची, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) मोजमाप दिले आहे : जो विचारील त्याला, सौम्यतेने आणि आदराने. लोकलमध्ये किंवा कचेरीत डबा खाताना कोणी विचारले, तर वाक्य 'मी'ने सुरू करा. माझा कोणावर विश्वास आहे, त्याने मला काय दिले. 'तू' किंवा 'तुम्ही लोक' असे वाक्य सुरू झाले आणि त्यात मरणानंतरचा काळ आला, की तिथेच थांबा. ती साक्ष राहत नाही, ती धमकी होते, आणि ऐकणारा पुन्हा कधी विचारत नाही.

प्रश्न : बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला (मरियामातेच्या प्रार्थनेला) इतर धर्मांचे खूप लोक येतात. आमच्यातले काही म्हणतात, "ही श्रद्धा नाही, नुसता नवस आहे." त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, माहीम

उत्तर : मत्तयाच्या ८ व्या आणि १५ व्या अध्यायांतली माणसे दाखवा. रोमी शतपती चाकरासाठी मागायला आला होता आणि कनानी बाई मुलीसाठी. दोघेही बाहेरचे, दोघेही काहीतरी मागायलाच आलेले. "एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही," असे येशू म्हणाला ते त्या शतपतीबद्दल. १९४८ पासून चालत आलेल्या या नोव्हेनाला मेणबत्ती घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, ते शेजारच्याला दिसत नाही.

कम्युनियनबद्दल (मिस्सात दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीबद्दल) मात्र नियम आहे आणि तो सांगायला हवा. कम्युनियन सुरू होण्याआधी एक शांत घोषणा पुरते : ती कोणासाठी आहे, आणि बाकीच्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी. रांगेत आलेल्याला सर्वांसमोर हाताने अडवणे टाळा.

प्रश्न : धर्मग्रामाच्या एका मंडळाच्या हिशेबाबद्दल मी प्रश्न विचारला, तर मला 'न्याय करू नका' हे वचन ऐकवले. मी गप्प बसावे का?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : अजिबात नाही. मत्तय ७:१ चा हा सर्रास होणारा दुरुपयोग आहे. त्याच अध्यायात खोट्या संदेष्ट्यांपासून सांभाळा, झाड फळांवरून ओळखा, असेही आहे. कुसळ आणि मुसळ तर आपण मराठीत म्हण म्हणूनच वापरतो, पण शुभवर्तमानातले वाक्य म्हणीपेक्षा पुढे जाते : आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढायचे आहेच.

पावती आहे की नाही हा हिशेबाचा प्रश्न आहे, आत्म्याचा नव्हे. मत्तय १८:१५-१७ मधला क्रम पाळा : आधी एकट्याने त्या व्यक्तीशी, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. रक्कम, तारीख आणि कोणते कागद हवेत ते लेखी द्या, आणि 'हा माणूस लबाड आहे' असे एकही वाक्य त्यात घालू नका. बाब मुलांवरील लैंगिक अत्याचाराची असेल तर मात्र हा क्रम लागू होत नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे कोणी 'न्याय देवावर सोपवा' म्हणाले, तर ऐकू नका.

प्रश्न : नात्यातल्या एका तरुणाने आत्महत्या केली. चर्चमध्ये अंत्यविधी झाला, पण घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणतात की अशा माणसासाठी प्रार्थना चालत नाही. त्याची आई ते ऐकून खचली आहे.
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : त्या बाईंनी लहानपणी जे ऐकले तेच त्या सांगत आहेत. १९१७ च्या धर्मसंहितेत, पूर्ण भानावर असताना जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३ च्या संहितेत ज्यांना अंत्यविधी नाकारता येतो त्यांची यादी ११८४ व्या नियमात आहे, आणि तीत आत्महत्येचा उल्लेख नाही. म्हणजे तुमच्या धर्मगुरूंनी सवलत म्हणून काही केले नाही, नियमाप्रमाणेच केले. बाईंना दुखावू नका. "पूर्वी तसे होते, आता नियम बदलला आहे," एवढे पुरे, आणि शक्य झाले तर तेच धर्मगुरूंच्या तोंडून त्यांच्या कानावर जाऊ द्या.

आईला मात्र कॅटेकिझमचे २२८२ आणि २२८३ हे दोन परिच्छेद शेजारी बसून वाचून दाखवा. जीव देणे हे गंभीर कृत्य आहे, हे तिथे लपवलेले नाही. पण तीव्र मानसिक आजार, भीती, असह्य यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे पहिल्यात आहे. स्वतःचा जीव घेतलेल्यांच्या तारणाची आशा सोडू नये, त्यांना पश्चात्तापाची संधी फक्त स्वतःला ठाऊक असलेल्या मार्गांनी देव देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे दुसऱ्यात आहे. वर सांगितलेल्या तीन गोष्टी इथे आठवा. पूर्ण जाणीव आणि मोकळी संमती त्या रात्री त्या मुलाजवळ किती उरली होती, हे आईलाही ठाऊक नाही.

महिन्याची मिस्सा ठेवा. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, नावांची यादी देतात तेव्हा त्याचे नाव इतरांच्या नावांबरोबरच द्या, वेगळ्या कागदावर नको. कबरीवर जाताना आईला एकटीला पाठवू नका. पहिले काही महिने घरात कोणीतरी राहील असे पाहा, आणि 'मलाही नको झाले आहे' असे ती बोलली तर ते दुःखाचे बोलणे समजून सोडून देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीतही बोलता येते. पहिल्यांदा फोन तुम्ही लावा आणि मग तिच्या हातात द्या.