जुनी विमाने, फ्लटर आणि बिजागरीमागचे वजन

प्रश्न : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, त्या जातीची काही विमाने त्याच काळात उडत असताना मोडून पडली, असे वाचनात आले. त्यामागे ‘फ्लटर’ होता म्हणजे नेमके काय घडले? अशी जुनी विमाने आजही उडवणारे लोक त्यापासून बचाव कसा करतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. फ्लटर म्हणजे हवेतूनच ऊर्जा मिळून वाढत जाणारी विमानाच्या भागांची थरथर. इंग्लंडमधील टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत दीर्घकाळ चाचण्या झाल्यावर त्या अपघातांचा उलगडा झाला आणि पंखाला आधार देणाऱ्या दांड्यांची रचना अधिक ताठ करण्यात आली. मात्र जुन्या हलक्या विमानांत फ्लटरची सुरुवात पुष्कळदा पंखापेक्षा पंखावरील एलेरॉन आणि शेपटीवरील एलिव्हेटर व रडर या हलत्या भागांत होते, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर सांगतो.

एलेरॉन पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेला असतो. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या मागे असेल, तर हवेच्या धक्क्याने पंख वर उचलला जाताना एलेरॉन जडत्वामुळे मागे राहतो, म्हणजेच त्याची मागची कड खाली झुकते. कड झुकली की उचल वाढते आणि आधीच वर निघालेल्या पंखाला आणखी रेटा मिळतो. पंख खाली परतताना हेच उलट्या दिशेने घडते. कमी वेगात हवाच हे हेलकावे शमवते, पण एका मर्यादेपलीकडे त्यांना हवेतूनच ऊर्जा मिळू लागते आणि काही क्षणांत बिजागरी, कधी पंखही, तुटू शकतो.

१९१६ साली हँडली पेज बॉम्बरचे शेपूट असेच जोराने थरथरत होते. इंग्रज अभियंते लँचेस्टर यांनी दाखवून दिले की डाव्या-उजव्या एलिव्हेटरांना वेगवेगळ्या केबली असल्याने ते परस्परविरुद्ध हलू शकत होते. दोन्ही भाग ताठ नळीने जोडणे हा उपाय ठरला. पुढे १९२२ च्या सुमारास हॉलंडमध्ये फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग या संशोधकांनी बिजागरीच्या पुढे वजन लावून एलेरॉन तोलण्याची वाट दाखवली.

हा तोल दुरुस्तीत नकळत बिघडतो, आणि मला सर्वाधिक काळजी वाटते ती याचीच. बिजागरीमागे ३० सेंटीमीटरवर ५० ग्रॅमचे ठिगळ लागले, तर ते तोलायला बिजागरीपुढे १० सेंटीमीटरवर १५० ग्रॅम वजन लागते. नवे कापड, डोपचे (कापड ताठ करणाऱ्या लेपाचे) जादा हात, जुन्यावरच चढवलेला रंग, पाणी निचरण्याची बुजलेली भोके, या सर्वांनी मागची बाजू जड होते. म्हणून रंग किंवा दुरुस्तीनंतर तो भाग उतरवून उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे तोलून पाहावा, आणि पुढे आलेले तोलाचे वजन दिसायला बरे दिसत नाही म्हणून कधीही काढू नये. बिजागरीतील ढिलाई, केबलींचा ताण आणि ट्रिम टॅबची (हलत्या भागाच्या मागच्या कडेवरील छोट्या पट्टीची) मोकळी हालचाल हेही तितक्याच काटेकोरपणे तपासावे लागते.

प्रश्न : वेगमापकावरील कमाल वेगाच्या लाल रेषेच्या आत राहिले तर पुरेसे नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ती मर्यादा नीट तोललेल्या आणि घट्ट जोडलेल्या विमानासाठी ठरवलेली असते, तोल बिघडला की फ्लटर तिच्या आतही सुरू होऊ शकतो. शिवाय हवा विरळ असल्याने उंचीवर वेगमापक खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवतो, तर फ्लटरचा संबंध खऱ्या वेगाशी अधिक असतो. वैमानिकाच्या हातातील नियंत्रण दांडीत अचानक जोराची थरथर जाणवली तर इंजिनाची शक्ती कमी करावी, दांडी घट्ट धरून नाक हळुवार उचलावे आणि वेग उतरवावा. विमान सुखरूप उतरले, बाहेरून काहीही मोडलेले दिसले नाही, तरी बिजागऱ्या, त्यांचे आधार आणि तोलाच्या वजनांचे जोड उघडून तपासल्याशिवाय ते पुन्हा उडवू नये.